गेरू आणि नीळ

डब्लिनच्या उत्तरेला, उतरत्या गल्लीत,
चार मजले आणि खाली तळघर.
विटा तांबूस, दारावर काचेचा अर्धा सूर्य.
खिडक्या वर जाता जाता ठेंगण्या होतात:
पहिल्या मजल्यावर टोपीसकट माणूस उभा मावेल,
शेवटच्या मजल्यावर मोलकरणीचं नुसतं डोकं.
कुणी किती उजेड घ्यायचा
हे बांधणाऱ्याने विटेत लिहून ठेवलं.

मी रंग खरवडते. हाच धंदा.
शस्त्रक्रियेचं पातं, डोळ्याला भिंग,
जिन्याच्या भिंतीवर तळहाताएवढा चौकोन,
आणि एकेक थर मागे जायचं.
सतरा निघाले.

वरचा मळक्या सायीचा, नगरपालिकेचा.
त्याखाली हिरवा, तेलकट, दवाखान्यातला.
मग एकदम नीळ.
हो, तीच, कपड्यांना घालायची, पुडीतली,
चुन्यात कालवून फासलेली,
आणि कमरेखाली गेरू.
याहून स्वस्त मालकाला काही मिळालं नाही,
शिवाय नीळ रोगराईला बरी, अशी समजूत.
गेरू-नीळ, गेरू-नीळ, नऊदा.
त्या नऊ थरांच्या काळात घरात ब्याऐंशी माणसं
आणि अंगणात एक नळ.

त्याखाली वकिलांचा तपकिरी, पाच हात.
अगदी तळाशी राखाडी,
दगडाचा भास देणारा, घोटलेला, शिशाचा.
त्या रंगाचे धनी पार्लमेंट भरलं की येत.
पार्लमेंट लंडनला गेलं, मागोमाग तेही.
छतावरचे गिलाव्याचे पक्षी तेवढे राहिले.
गॅरेट व्हीलन नावाच्या कारागिराने
त्यांच्या चोची बोटांनी ओढल्या होत्या, साचा न घेता.
पुढे दोन पक्ष्यांच्या माना धरून
कुणीतरी वाळत घालायची दोरी बांधली.
काच अजून दिसतो.

समितीचं पत्र आलं: मूळ रंग परत आणावा, राखाडी.
मूळ कशाला म्हणायचं, मी विचारलं नाही.
माझं बिल त्यांच्याच नावे निघतं.

गुरुवारी डिम्फ्ना टॅलन आल्या, एक्क्याऐंशीच्या.
मागच्या खोलीत जन्म, अकरा भावंडांत सातव्या.
चौकोनावर चष्मा टेकवून म्हणाल्या,
"मालक पुडी द्यायचा फक्त.
फासायची आमची आई, सणाच्या आदल्या रात्री,
सकाळी ताटातल्या पावावर निळी बोटं."
जरा थांबून म्हणाल्या,
"शवपेट्या मात्र या जिन्यावरून छान वळायच्या.
लॉर्ड लोकांनी तेवढं रुंद बांधलं ते बरं केलं."

कठड्याला त्यांनी हात लावला नाही.
सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात त्याचे दांडे शेगडीत गेले,
तेव्हा त्या चार वर्षांच्या.
आता सुताराने नवे बसवलेत, ओकचे, हुबेहूब.
त्या भिंतीच्या कडेनेच चढल्या,
कोटाचा खांदा घासत, बोलत बोलत,
कुणा मिसेस गेरिटीची कोंबडी, कुणाचा खोकला,
आणि दहावीवरून पाय उचलून
सरळ बारावीवर ठेवला.

अकरावी तेव्हा नव्हती.
अंधारात, हातात पाण्याची बादली घेऊन
सगळं घर ती ओलांडायचं.

मी मागे होते, भिंग कपाळावर सारलेलं.
अकरावी नवीकोरी, वॉर्निशचा वास अजून गेला नव्हता.
मीही पाय लांब टाकला.