येण्याचे कारण

भुसावळहून निघालं की इटारसीपर्यंत मी बरी असते.
झाशी मागे पडली की पोटात गोळा,
आणि समोरच्या बाकावरचं कुणीतरी हमखास विचारतं,
ग्वाल्हेरला? वा, किल्ला बघणार असाल!

नाही हो.
माझ्या नावडत्या गावांची यादी एका नावाची आहे,
आणि त्या गावाला मी चार वर्षांत
अकरा वेळा गेले.
एवढं तर माणूस माहेरीही जात नाही.

पडावच्या पुलापाशी लॉज. काउंटरमागे पाटी,
अतिथि देवो भव,
पाटीवर पाल, पालीखाली दुसरी पाटी:
गरम पाण्याचे वेगळे पैसे, खोली सकाळी दहाला सोडावी.
दहा वाजून पाच मिनिटांनी
देवालाही पूर्ण दिवसाचं भाडं पडतं.
रजिस्टर न हसता पुढे सरकतं.
नाव. वय. कुठून आलात. सोबत कोण.
(तिथे रेघ मारली की समोरची नजर जरा थांबते.)
येण्याचे कारण.

पहिल्यांदा लिहिलं, वैयक्तिक.
पुढच्या खेपेला, काम.
मग कंटाळून खरं लिहिलं, तारीख.
रतिराम कुशवाहनं चष्म्यावरून पाहिलं
आणि किल्ली बदलून दिली,
जिन्यापासून लांबची खोली,
दाराला आतून दोन कड्या.
बोलला काही नाही.

याच गावानं एकदा केवढं स्वागत केलं होतं माझं,
जनकगंजात, बँडवाले दमेपर्यंत.
उंबरठ्यावर माप, मापात तांदूळ,
ओवाळायला पाच जणी,
आणि सासूबाई त्यांच्या त्या तिकडच्या मराठीत,
"आत येऊन जा बेटा, उभी का राहून गेली?"

मी येऊन गेले.
शब्दशः.
दोन वर्षं, दोन महिने.

मधलं सगळं कागदावर आहे,
हिंदीत, टाइप केलेलं, पानापानावर माझी सही.
इथे सांगत नाही.
उजव्या पायानं लवंडलेले ते तांदूळ
मीच वेचत बसले होते नंतर, एवढंच,
आणि माप कधी भरलं नाही.

मे महिन्यात कोर्टाच्या बाकावर लू लागते.
जानेवारीत धुकं, गाडी नऊ तास उशिरा,
मी धावत पोचते तर साहेब रजेवर.
साहेब असले तर वकिलांचा संप.
चहावाल्याला आता सांगावं लागत नाही,
साखर कमी, आलं जास्त.
रिक्षावाला मात्र अजून परकी समजून दुप्पट सांगतो.
मला बरं वाटतं.
या गावात तेवढा एकच माणूस
मला बाहेरची समजून नीट वागतो.

परवा निकाल लागला.
चार मिनिटांत. पंखा करकरत होता
म्हणून शेवटचं वाक्य ऐकूसुद्धा आलं नाही,
वकिलाला विचारून घेतलं.

गाडी रात्रीची होती. हिशोब करताना
रतिराम पहिल्यांदाच स्वतःहून बोलला.
"किला देखा?"
देखा ना. दोन वर्षं, रोज,
गच्चीवर कपडे वाळत घालताना,
चादरीच्या वर जेवढा दिसतो तेवढा.
तो मान हलवत राहिला, गरम पाण्याचे चाळीस धरले,
सुट्टे मोजून परत दिले,
आणि रजिस्टर मिटताना म्हणाला,
"आ जाना कभी."

जनकगंजातून निघाले तेव्हा
दाराशी मी जाते म्हणाले होते.
आपल्यात म्हणत नाहीत तसं. मुद्दाम म्हणाले होते.

गाव अजून आवडत नाही. गजकही घेतला नाही.
पण बॅग उचलताना, सवयीनं, तोंडातून निघालं,
येते.

त्याला मराठी कळत नाही.
त्यानं हात लांब करून
माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला.