लेखकांचा क्रम

एस्टोनियात, सिनियार्व तळ्याच्या काठी
दोन खोल्यांचं संशोधन केंद्र.
हेल्दुर राउद्सेप मोजतो बर्फाची जाडी,
मारेट वीक मोजते बर्फाखालचं पाणी,
आणि दर वसंतात दोघांचा मिळून एक शोधनिबंध.

पहिलं नाव कुणाचं?
याच प्रश्नावरून तार्तूत म्हणे दोन प्राध्यापक
बावीस वर्षं एका लिफ्टमध्ये चढलेले नाहीत.
यांनी निवाडा माशांवर सोपवला.
वीस पावलांवर दोन भोकं, दोन गळ,
थर्मासभर कॉफी.
ज्याला आधी मासा, त्याचं नाव आधी.
होडीतून धरलेला धरायचा नाही.
हातून निसटलेला, तोही नाही.

तळटीपसुद्धा प्रामाणिक:
‘लेखकांचा क्रम माशाने ठरवला.’
उट्रेख्तच्या संपादकबाईंनी कळवलं,
ही पद्धत शास्त्रीय नाही,
तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही.
मारेटचं उलट टपाली उत्तर:
एकोणीस वर्षं करतोय. अकरा वेळा मी.

दुसऱ्या परीक्षकाला तळटीप तेवढी आवडली;
बाकी निबंधात त्याने
स्वतःच्याच सात निबंधांचे संदर्भ घालायला सुचवले.
घातले. पाचच.
दोन कुठे छापलेलेच नव्हते.

ऋणनिर्देश वर्षानुवर्षं तोच:
गिरमिट उसनं देणारा शेजारी काल्यू,
त्याची कुत्री, जिने एका हिवाळ्यात चार नमुने खाल्ले,
आणि अनुदान नाकारणारी समिती,
‘जिच्यामुळे आम्हाला कसलीच घाई उरली नाही.’

यंदा जानेवारी गेला.
फेब्रुवारीत हेल्दुर काठावर जाऊन उभा राहिला,
बुटांवर लाटा येत होत्या.
मार्चमध्येही येत होत्या.
वहीत त्याने तारखेपुढे शून्य लिहिलं,
मग सवयीने, ‘सेंटीमीटर’.

निबंध तयार आहे.
आलेख उतरता, शाळकरी पोरालाही कळेल असा,
शेवटचा ठिपका खालच्या रेघेवर टेकलेला.
फक्त पाठवायच्या पानावर
पहिल्या लेखकाची चौकट रिकामी सोडता येत नाही,
शेजारी तांबडी चांदणी लुकलुकत राहते.

मारेट म्हणते, घाल तुझं.
हेल्दुर म्हणतो, मासा कुठाय?
चेष्टा करत नाही तो.

पलीकडे काल्यूने
गिरमिटाला तेल लावून ठेवलंय, डिसेंबरातच.
खिळ्याला टांगलंय, दाराजवळ,
मागायला आलं कुणी
तर पटकन देता यावं म्हणून.