नॉरीचा फळा

क्लाइड नदीच्या या काठावर, जिथे आता जहाजं बनत नाहीत,
आमच्या गृहसंस्थेचं ऑफिस होतं
एका बंद पडलेल्या बेकरीत.
दोनशे बारा घरं. फळ्यावर दोनशे बारा खिळे,
खिळ्याला किल्ली, किल्लीला लोकरीचा धागा.
माझा हिरवा. नॉरी म्हणायचा,
"इना, तुझं दार मी अंधारातसुद्धा उघडीन."
उघडलंही एकदा. मी बाथरूममध्ये पडले होते.
त्याने आधी दाराला शिवी दिली,
मग मला चहा.

मग पत्रं येऊ लागली.
गुळगुळीत कागद, वर हातात हात.
आमच्यापेक्षा नव्वदपट मोठी संस्था,
एडिनबराला काचेची इमारत.
म्हणे भागीदारी. म्हणे दोघं मिळून.
पण लग्नात नाव बदलतं ते एकीचंच,
हे मला कुणी समजावायला नको,
मी दोनदा बदललंय.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली.
त्यांचा तरुण टाय न लावता आला होता, मुद्दाम.
पाच वर्षं भाडं महागाईच्या पुढे जाणार नाही.
नवी स्वयंपाकघरं. नव्या खिडक्या.
सेनाइतने हात वर केला, खांद्यावर झोपलेलं बाळ:
"रात्री दोनला पाइप फुटला तर फोन कोणाला करू?"
"एकच नंबर, चोवीस तास," तो हसून म्हणाला.
"नंबर नाही विचारला," ती म्हणाली, "कोणाला, ते विचारलं."
टाळ्या पडल्या. बिस्किटं संपली.
नॉरी मागे उभा, हातात किटली,
कुणाच्याच बाजूने नाही.

मतपत्रिका माझ्या टेबलावर नऊ दिवस पडून होती.
होय. नाही. दोन चौकोन, काडेपेटीएवढेसुद्धा नाहीत.
भिंतीला कान असतात म्हणे.
माझ्या भिंतीला बुरशी होती,
खिडकीखाली उगवून पलंगापर्यंत चालत आलेली.
अकरा हिवाळे मी ती नॉरीला दाखवली,
अकरा हिवाळे तो हात लावून म्हणाला, "खरंच गं."
त्या "खरंच गं"ने मला बरं वाटायचं
आणि रात्रभर छाती वाजायची.
संस्थेकडे पैसे नव्हते. माया होती.
मायेने भिंत वाळत नाही.

मी होयवर फुली मारली.
कुणाला सांगितलं नाही. जिन्यात सगळे म्हणत होते,
नाही म्हणा, नाहीच म्हणा;
मीही मान डोलावली होती.
मोजणीत एकशे एकोणचाळीस होय निघाले.
म्हणजे जिन्याजिन्यात
नुसत्या माना डोलत होत्या.

पहिल्या पत्रात मी "प्रिय ग्राहक" झाले.
मार्चमध्ये दोन माणसं आली, गाणी कानात घालून,
भिंत खरवडली, खिडकी बदलली, दुपारी तीनला निघाली.
नाव विचारलं नाही. काचेवर बोटाने सही घेतली,
ती गांडुळासारखी उमटली.
काम कसं वाटलं, एक ते पाच?
मी पाच दाबलं.
खोटं नाही, पाचच होतं.

आता बेकरीला कुलूप. किल्ल्या म्हणे
कुठल्याशा कपाटात, धाग्यांविना, क्रमांकाने.
रिकामा फळा नॉरीने घरी नेला,
बायको ओरडली तरी खिळे उपटले नाहीत.

काल दुकानात भेटला, रांगेत माझ्या पुढे.
वळून म्हणाला, "भिंत कशी आहे?"
"कोरडी," मी म्हणाले.
"खरंच गं?"

आणि मी पिशवीत दूध शोधत राहिले,
जे मी अजून घेतलंच नव्हतं.