वारा सरला का?

तातांच्या पोटावर, बेंबीच्या दोन बोटं वर,
एक लिंबू होतं.
उभे राहिले की यायचं,
आडवे झाले की गुपचूप आत जायचं.
ट्यूबा फुंकताना मात्र हटकून बाहेर,
जणू बघायला, की एवढं कोण बोंबलतंय.

ओरुरोत प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी फुंकतं.
कथलाच्या खाणीतून ताता सुटले
तेव्हा छातीत भाता निम्माच उरला होता, आणि खोकला.
उरलेला भाता नीट खर्च करायचा ठरवून
एलेउतेरियो कोल्के यांनी
बँडमधलं सगळ्यात जड वाद्य खांद्यावर घेतलं.

लिंबावर उपाय सुरू होतेच.
आईने विणलेला लोकरी पट्टा, सात वेढे.
रात्री ल्यामाची चरबी.
शेजारची सातुर्निना म्हणाली, खाणीतला वारा आहे, अडकलाय.
मी इस्पितळात नर्स. मी म्हणाले,
ताता, गाठ नाही ती, भिंतीला भोक आहे.
स्वेटर कोपराशी विरतो
तसे पोटाचे पदर विरलेत तिथे,
खोकून खोकून, ओझी उचलून.
पट्टा भोक झाकतो, बुजवत नाही.
आत्ता शिवून घ्या, जाळी बसवतात,
दोन दिवसांत घरी.

"कार्निव्हल होऊन जाऊ दे."

पाच कार्निव्हल होऊन गेले.
लिंबाचं संत्रं झालं.
मी तळहात ठेवून म्हणायची, खोका.
आतून धक्का यायचा,
ओळखीच्या माणसाने दार लोटावं तसा.
शेवटी घोकून घेतलं त्यांच्याकडून:
ज्या दिवशी दाबूनही आत जाणार नाही,
दगड होईल, जांभळं पडेल,
पोटात कळ, उलट्या,
त्या दिवशी कार्निव्हल असो की माझं लग्न.

तो दिवस साध्या तालमीचा निघाला.
बँडच्या मिनीबसमधून आणलं,
मागच्या सीटवर ट्यूबाही,
कारण तिला रस्त्यावर ठेवायला कुणी तयार होईना.

मला आत घेतलं नाही.
डॉक्टर बेहारानो यांनी नंतर सांगितलं.
वीतभर आतडं, भोकाने गळा आवळलेलं,
रंग वांग्याचा.
भोक सैल केलं.
आता कापायचं, की ठेवायचं?
कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर घातलं
आणि थांबल्या.
दहा मिनिटं.
सुरी खाली, हात छातीशी, कुणी बोलत नाही.
पहिल्यांदा कडेला गुलाबी आलं.
मग एक लाट सरकली आतड्यातून,
पावसानंतर गांडूळ सरकतं तशी.
"ठेवा," त्या म्हणाल्या.
मगच जाळी. तिच्या घरांतून मांस वाढेल,
मांडवावर वेल चढते तसं,
पण सावकाश. दोन महिने काही उचलायचं नाही.
ट्यूबाचं नाव काढायचं नाही.

मग नाकात नळी. पाण्याचा थेंब नाही.
आणि सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न:
वारा सरला का?
नाही.
वारा सरला का?
नाही, डॉक्टर.
वीस वर्षं वाऱ्यावर पोट भरलेला माणूस
भिंतीकडे तोंड करून पडला.
अख्खा बँड कॉरिडॉरमध्ये, बाकांवर, जमिनीवर.
त्यांना हाकलणं नर्सचं काम.
नर्स मीच.

तिसऱ्या रात्री
उशी पोटाशी धरून, शिकवली तशी,
ताता खोकले,
आणि पांघरुणाखालून एक सूर आला.
आखूड, खर्जातला, किंचित घसरलेला.

दाराबाहेरून ट्रम्पेटवाला क्रिसोलोगो
झोपेतच म्हणाला,
"एक मात्रा उशीर झाला, एलेउतेरियो."

ताता हसायला गेले, टाके ओढले गेले,
शिवी दिली, पुन्हा हसले.

मी चार्टवर लिहिलं:
तीन वाजून दहा मिनिटं. वारा सरला.
आणि पाणी आणायला गेले,
एक चमचा.