काशाची वाटी

बावीस वर्षं उभी होते, कात्रज ते निगडी.
रक्त हळूहळू खाली उतरलं
आणि शेवटच्या स्टॉपवर बसून राहिलं.
"पुढे सरका, पुढे सरका"
त्यालाही म्हणून पाहिलं मी.

पोटरीवरची शीर आंबिल ओढ्यासारखी,
कुठून येते, कुठे वळते, पत्ता नाही,
संध्याकाळी मात्र फुगते.

ढमाले ड्रायव्हर म्हणाला, जळवा लावा,
रास्ता पेठेत एक वैद्य आहेत.
म्हटलं, रक्त प्यायला डेपो मॅनेजर पुरे.
निर्मला खैरेनं सांगितलं, एक बादली गरम, एक गार,
आलटून पालटून पाय बुडवायचे.
चौथ्या दिवशी खालच्या आगाशेबाई वर आल्या,
त्यांच्या छताला पोपडे धरले होते.

डॉक्टरांनी घोट्याला गार जेल लावलं,
यंत्र टेकवलं. आतून आवाज आला,
सूं... सूं...
"येतंय रक्त," ते म्हणाले, "पण दमून येतंय."
लांब घट्ट मोजे लिहून दिले, त्वचेच्या रंगाचे,
कुणाच्या त्वचेच्या कोण जाणे.
रोज चाला म्हणाले. झोपताना पायाखाली उशी.
आणि तळव्याला काशाची वाटी घासली तर?
"घासा की. पण शिरांवर नको.
आणि दिवसा मोजे काढायचे नाहीत."

तर आता रात्री जेवणं झाल्यावर
हे सतरंजीवर बसतात, चष्मा लावून,
खडकीच्या कारखान्यात काडतुसं तपासायचे तसे.
बोटभर तूप, आणि माझा पाय मांडीवर.

पाय लागला की मी नमस्कार करते.
हात आपोआप जातो, आईनं लावलेली सवय.
पुन्हा लागतो, पुन्हा करते.
"किती वेळा करशील? तूप सांडतंय."
एकतीस वर्षांच्या संसारात यांनी माझा तळवा
पाहिलाच नव्हता. भेगा बघून
काही बोलले नाहीत. जरा हळू घासू लागले.

तूप काळं होतं.
"बघ, उष्णता निघाली," म्हणतात.
लेक म्हणते, ते काशामुळे होतं, पप्पांना सांग.
नाही सांगत.

एका पायाला शंभर. हे मनात मोजतात,
ओठ हलतात तेवढेच दिसतात.
सत्तरच्या आसपास चुकतात रोज,
आणि पुन्हा एकपासून.
मलाही आकडा ठाऊक असतो,
जन्म गेला तिकिटं मोजण्यात.
गप्प राहते.

पाय अजून गारच आहेत.
डावा थोडा कमी.