चार जीबी

रात्री कधीतरी ब्राउझर आपणच नवा झाला.
या वेळी मला विचारलं नाही.
विचारलं असतं तर 'नंतर' दाबलं असतं,
आठ महिने दाबत आले तसं.

सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली,
उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज उघडला
तर खालच्या अर्ध्या भागात
मोनाली भुरेचं कालचं जातप्रमाणपत्र बसलेलं.
वर सरकवलं की तेही सरके, मागे शेपूट सोडत,
ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसं.
आडनावांच्या जागी नुसते डबे.
'सादर करा' काळं पडलेलं. ते अंदाजानं दाबायचं,
लाईन गेल्यावर आपण उगाच बटणं दाबतो तसं.

आणि सीपीयूचा पंखा!
सेलोकर मास्तर म्हणाले, "उडते का काय वं आता हे?"

टास्क मॅनेजर पाहिला.
चार जीबीतले तीन पूर्णांक आठ गेलेले,
त्यातला एक जीबी एकटा एकच टॅब गिळून बसलेला.
कोणता, ते न पाहताच कळलं.

उपग्रहाचा नकाशा, जुन्या तारखेचा.
त्यात आमचं गाव अजून कोरडं आहे.
धरणाचं पाणी त्यात नाल्याच्या पलीकडेच थांबलंय.
ती तारीख मला पुन्हा सापडली नसती,
म्हणून तो टॅब मी कधी मिटलाच नाही.
लोक सातबाऱ्याला येत, जाता जाता म्हणत,
"एकदा दाखव नं वं,"
आणि घरं मोजत.

आज गाव नव्हतं. राखाडी चौकोन होते,
मध्ये शाळेच्या कौलांचा एक तुकडा,
पुन्हा चौकोन,
आणि एक कोपरा गुलाबी. का, ते कोणास ठाऊक.

डोमाजी मारबते हयातीच्या दाखल्यासाठी आले होते.
ढिवर माणूस. त्याच पाण्यावर रोज डोंगा घालतात.
खुर्ची सरकवून माझ्या खांद्यामागे आले.
"हे काऊन कोरं आहे?"
"अपडेट झालं, काका. चित्र येत नाही."
"येत नाही तं मी सांगतो."

आणि बोट काचेवर.
"अठी जाळं अडकते. न्हाव्याचा कडुनिंब.
वरून तोडला, बुड तसंच ठेवलं येड्यांनी.
अठी एकदम खोल, म्हणजे विहीर.
अन् अठी मरळ लय. हे पाटलाचं न्हाणीघर."
रांग हसली.
मागून कौसल्याबाई म्हणाली, "न्हाणीघर नाई, गोठा."
"गोठा तं गोठा. मासोळीले काय."

तेवढ्यात पाटी आली:
हे पान प्रतिसाद देत नाही.
थांबायचं, की बंद करायचं?

मी डोमाजींकडे पाहिलं.
ते मास्तरांना झिंग्याचा भाव सांगत होते.

बंद केलं.

पंखा उतरला, जत्रेतला पाळणा उतरतो तसा.
दोऱ्यानं घासून गुळगुळीत झालेला अंगठा
तीनदा 'जुळत नाही', चौथ्यांदा जुळला.
कागद निघाला: सदर व्यक्ती हयात आहे.
घडी घालून त्यांनी तो टोपीत ठेवला.
दुपारी सेटिंगमध्ये जाऊन
हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं,
तशा शेपट्या गेल्या, बटणं निळी झाली,
मोनालीही एकदाची गेली.

एक डाग तेवढा जाईना.
पान बदललं, तरी तिथंच.
मशीन बंद करून चालू केली, तरी तिथंच.
वाकून पाहिलं तर काचेवर बोट होतं,
मशीनला सापडत नव्हत्या त्या सगळ्या रेषांसकट,
थोडा मासळीचा वास.

फडकं हातात घेतलं होतं. ठेवून दिलं.
आता प्रत्येक अर्ज त्याच्याखालून जातो,
साधारण जिथे
'अर्जदाराचा मूळ पत्ता' येतो तिथे.