सव्वातीनचं ऊन

दिव्याच्या खांबाला कौन्सिलवाले पिवळा कागद बांधून गेले,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, स्टॉकपोर्टच्या पावसाची सवय असलेला.
वर आमच्या घराचा नंबर, खाली बारीक अक्षरात:
हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावे.

विसाव्या दिवशी हरकत आली. पेन्सिलीने लिहिलेली.
विनिफ्रेड हॅस्लम, घर नंबर चौदा,
म्हणजे आमच्याच भिंतीची पलीकडची बाजू.

यशोधन म्हणाला, अकरा दिवाळ्या चकल्या पोचवल्या,
त्याचं हे फळ.
मी गप्प. मला माझे दोन काका आठवत होते,
वीतभर बांधासाठी बावीस वर्षं
संगमनेरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे.
जायचे एकाच एसटीने, चहा एकाच टपरीवर,
बाकं फक्त वेगळी.
बांध अजून तिथेच आहे.

खरं तर चूक माझी. नकाशा मी आधी बँकेला दाखवला,
मग व्हिडिओवर आईला, मग ऑफिसात तिघींना,
आणि जिच्या खिडकीला तो लागणार होता
तिला कळलं खांबावरून.

गेले. मुद्दाम रिकाम्या हाताने.
दार उघडत म्हणाली, "आज चार शिट्ट्या. छोले?"
"राजमा."
भिंतीला कान असतात म्हणतात,
आमच्या भिंतीला दोन्हीकडून होते.
मलाही पाठ होता तिचा पहाटेचा खोकला,
आणि मार्चपासून ऐकू न येणारा दुसरा.

त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही.
मला सिंकपाशी उभं केलं.
"इथे. सव्वातीनला. चाळीस मिनिटं. तेवढंच येतं हिवाळ्यात."
मी म्हटलं, नियम पंचेचाळीस अंशांचा आहे, आम्ही त्यात बसतो.
ती म्हणाली, "बसत असाल. मी इथे उभी असते."

ठरलं, मोजून बघू.
पण महिना फेब्रुवारी.
नऊ दिवस ऊन फिरकलंच नाही,
मंजुरी मिळाल्यासारखे ढग पसरलेले.

दहाव्या दिवशी भिंतीवर तीन ठोके.
मी कणकेच्या हातांनी, सपाता फटफटवत पळाले.
आलं होतं. नळावर, मग तडकलेल्या टाइलवर,
मग तिच्या मनगटावर.
आमच्या अंगणात यशोधन आणि नीरजने
दोन बांबूंवर हळदीच्या डागांची चादर ताणली,
होऊ घातलेल्या भिंतीएवढी उंच.
सिंक विझलं.

तिने फक्त नळ बंद केला.

"मागे!" मी खिडकीतून ओरडले. "अजून! अजून एक पाऊल!"
चौथ्या पावलाला ऊन सरपटत परत आलं
तिच्या बोटांच्या पेरांपर्यंत.
"थांबा."
नीरजने तिथे गवतात जुना डाव खोचला.

त्या डावापर्यंतच बांधलं मग आम्ही.
कोठीची खोली गेली, देव फ्रिजवर राहिले,
कपड्यांचं मशीन अजून जिन्याखाली थडथडतं.
आर्किटेक्टने नव्या नकाशाचे वेगळे पैसे घेतले
आणि यशोधन दोन दिवस नीट जेवला नाही.

पत्र मात्र तिने मागे घेतलं नाही.
"एकदा टाकलेलं पत्र परत मागणं बरं दिसत नाही."
उलट दुसरं लिहिलं, सिमेंटच्या ट्रकबद्दल,
आणि एक गटाराबद्दल. गटाराचं तिचं बरोबर होतं.

आता नव्या स्वयंपाकघरात, नव्या ओट्याशी,
तीन वाजून गेले की माझे कान भिंतीकडे.
कधी ती तीनदा ठोकते, कधी मी.
ढगाळ दिवशी कुणीच नाही.